मृगाचा वास, आक्काचं इंजेक्शन आणि एक बॅक्टेरिया

मृगाचा पहिला पाऊस पडला की मातीचा जो वास येतो, त्यावर मराठीत जितकं लिहिलं गेलंय तितकं दुसऱ्या कुठल्या वासावर क्वचितच लिहिलं गेलं असेल. कवींनी लिहिलं, ललितवाल्यांनी लिहिलं, आणि दर जूनमध्ये आपण ब्लॉगवालेही इमानेइतबारे लिहितो. हा लेखही त्याच वासाचा आहे, पण थोडा वेगळ्या रस्त्याने जाणारा. वाटेत न्यू जर्सी, टोकियो, इंग्लंड, पिंपरी आणि पुण्याचं गरवारे कॉलेज लागेल, आणि आमच्या मुखेडची आक्काही भेटेल. नातेवाईक मंडळींनी कंटाळा करू नये, आक्का मध्यावर आहे.

तर आधी वास. त्या वासातला जो खास 'मातकट' भाग आहे, तो मातीचा नसतोच मुळी. तो मातीत राहणाऱ्या जिवाणूंचा असतो. त्या रसायनाचं नाव जिओस्मिन, म्हणजे ग्रीकमध्ये सरळसरळ 'मातीचा वास'. १९६५ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात नॅन्सी गर्बर आणि ह्युबर्ट लेशेव्हालिए यांनी ते वेगळं काढलं. आपलं नाक या बाबतीत भलतंच तिखट आहे. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत पाच-दहा भाग जिओस्मिन असलं तरी आपल्याला कळतं. आमच्या मुखेडकडची माती काळी, बसाल्टच्या खडकापासून झालेली, उन्हाळ्यात पाय जाईल इतक्या भेगा पडणारी. तिच्यावर पहिले थेंब पडले की हा वास उसळतो, आणि गावातला प्रत्येक माणूस एकदा तरी आकाशाकडे बघतो.

हा वास सोडणाऱ्या जिवाणूंतला मुख्य म्हणजे स्ट्रेप्टोमायसिस. जात जिवाणूची, पण राहणी बुरशीची. साधा जिवाणू वाढतो, मधोमध चिरतो, एकाचे दोन होतात, बस. हा तसा नाही. याला चक्क बालपण, तारुण्य आणि म्हातारपण आहे. बीजाणूतून कोंब फुटतो, त्याच्या फांद्यांचं जाळं मातीत पसरतं. खायचं संपत आलं की हे जाळं स्वतःलाच मोडायला काढतं, आणि त्या मोडलेल्या मालावर नवे धागे उभे राहतात. ते मातीतून वर हवेत येतात. मग त्या धाग्यांचे तुकडे पडून बीजाणूंच्या माळा तयार होतात, आणि त्या वाऱ्यापाण्याबरोबर निघून जातात. म्हातारी पिढी स्वतः जिरून पोरांना उभं करते. (आमच्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.)

आणि गंमत म्हणजे, प्रतिजैविकं, म्हणजे आपली अँटिबायोटिक्स, हा जिवाणू साधारण याच वळणावर बनवतो. स्वतःचं घर मोडून पोरांसाठी शिदोरी बांधलेली असते, आजूबाजूला फुकटे टपलेलेच असतात. त्यांना दूर ठेवायला हे विष असावं, असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. आपण त्याला औषध म्हणतो. तो शब्द आपला, त्याचा नव्हे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता १९४३ सालात चला. रटगर्समध्ये सेल्मन वाक्समन हे मातीतल्या सूक्ष्मजीवांचे मोठे प्राध्यापक. स्ट्रेप्टोमायसिस हे नावही त्याच साली त्यांनी आणि हेन्रिसी यांनी ठेवलेलं. त्यांच्या लॅबमध्ये अल्बर्ट शात्झ नावाचा २३ वर्षांचा, पीएचडी करणारा गरीब घरचा मुलगा होता. क्षयाच्या जंतूंवर काम करायचं म्हणून त्याची जागा तळघरातल्या लॅबमध्ये. १९ ऑक्टोबर १९४३ ला त्याला स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसचे दोन वाण मिळाले. एक शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीतून, दुसरा कोंबडीच्या घशातून. दोन्ही वाण असं काही तयार करत होते की ज्याने क्षयाचा जंतू मरत होता. ते स्ट्रेप्टोमायसिन. तोवर क्षयावर खात्रीचं एकही औषध जगात नव्हतं. चांगली हवा, दूध-अंडी आणि विश्रांती, एवढाच इलाज.

जानेवारी १९४४ मध्ये निबंध छापून आला. त्यावर नावं तीन होती, शात्झ, एलिझाबेथ बुगी आणि वाक्समन. पेटंटवर मात्र दोनच, बुगी गायब. पुढे रॉयल्टीचा पैसा कुठे जातो ते कळल्यावर शात्झने १९५० साली आपल्या गुरूवरच खटला भरला. वर्षअखेर तडजोड झाली. शात्झ कायद्याने सहशोधक ठरला, त्याला ३ टक्के, वाक्समनना १० टक्के, आणि लॅबमधल्या इतरांनाही, अगदी काचेची भांडी धुणाऱ्यापर्यंत, थोडाथोडा वाटा. १९५२ चं नोबेल मात्र एकट्या वाक्समनना मिळालं. रॉयल्टीच्या पैशातून रटगर्समध्ये एक मोठी संस्था उभी राहिली, आणि मातीच्या वासाला 'जिओस्मिन' हे नाव मिळालं ते याच संस्थेत! म्हणजे बघा, क्षयाचं औषध आणि मृगाचा वास हे एकाच घरातले निघाले.

मला त्या तडजोडीतला भांडी धुणारा फार आवडतो. शोधाच्या गोष्टीत आपण नेहमी एक म्हातारा शास्त्रज्ञ आणि एक 'सापडलं!' असा क्षण बघतो. प्रत्यक्षात लॅब म्हणजे एक एकत्र कुटुंब असतं. कुणी पीएचडीवाला, कुणी सांगकाम्या, कुणी हिशेब ठेवणारी, कुणी बशा धुणारा. आणि एकत्र कुटुंबासारखीच भांडणंसुद्धा, तीही वाट्यावरूनच.

हे औषध खरंच चालतं का, हे ब्रिटनमध्ये १९४७-४८ मध्ये तपासलं गेलं. रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले. औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले. नुसत्या विश्रांतीवरच्या ५२ जणांपैकी १४. आज कुठल्याही औषधाच्या चाचणीची जी पद्धत आहे, तिचा हा पाया. आणि पुढच्या धोक्याची सूचनाही त्याच चाचणीत मिळाली. एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला क्षयाचे जंतू लवकरच दाद देईनासे होत. दोन-तीन औषधं एकत्र द्यायची, हा आजचा नियम तिथूनच आला.

त्याच सुमारास, १७ सप्टेंबर १९४८ ला, आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटत होता. तालुक्याच्या गावी नवं औषध पोचायला अजून बरीच वर्षं होती.

आता आक्का. आक्का म्हणजे माझी सर्वात मोठी आत्या. १९६४ साली, एकोणीस वर्षांची असताना, तिला क्षय झाला. लग्न ठरलेलं होतं, ते अर्थातच मोडलं. केंद्र सरकारचा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला होता, आणि त्यामुळे औषध मिळणं शक्य झालं होतं. स्ट्रेप्टोमायसिन पोटातून घेऊन उपयोग नसतो, आतड्यातून ते रक्तात जातच नाही. त्यामुळे इंजेक्शन, आणि तेही महिनोन्महिने. आजोबा तिला बैलगाडीने न्यायचे. आक्का जगली. नुसती जगली नाही, तर पुढे सत्तेचाळीस वर्षं जगली आणि आम्हा सगळ्या भावंडांना तिनेच वाढवलं.

पण त्या इंजेक्शनांनंतर तिला एका कानाने कमी ऐकू यायचं आणि अंधारात चालता यायचं नाही. दिवसा ठीक. रात्री दिवे गेले (आणि आमच्याकडे ते जायचेच) की ती भिंत धरून सरकायची. लहानपणी मी विचारायची, "आक्का, चक्कर येतेय का?" तर म्हणायची, "चक्कर कशाची माय, जमीनच हलायलीय."

घरात यावरून दोन तट होते. एक काका म्हणायचे, इंजेक्शननं पोरीचं वाटोळं केलं. दुसरे म्हणायचे, इंजेक्शन नसतं तर पोरगीच नसती. लग्नकार्यात, तेराव्याला, दिवाळीला, विषय निघाला की हा वाद ठरलेला. आक्का २०११ मध्ये गेली, तरी तो मिटलेला नाही. हा लेख लिहायचं खरं कारण तेच आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे उत्तर देणं माझ्यावरच येऊन पडतं.

उत्तर असं आहे, की दोन्ही काका बरोबर आहेत आणि दोन्ही गोष्टी एकाच किल्लीने घडल्या. पेशीत प्रथिनं बनवणारी यंत्रं असतात, रायबोसोम. स्ट्रेप्टोमायसिन जिवाणूच्या रायबोसोमला चिकटतं आणि त्याचं वाचन बिघडवतं. माणसाचे रायबोसोम वेगळ्या घडणीचे, म्हणून आपण वाचतो. पण आपल्या पेशींत मायटोकाँड्रिया नावाचे जे ऊर्जाघर आहेत, ते कोट्यवधी वर्षांपूर्वी बाहेरून आलेल्या जिवाणूंचेच वंशज. त्यांचे रायबोसोम अजूनही माहेरच्या वळणाचे. औषधाचा मारा तिथेही थोडाफार होतो. कानाच्या आतल्या भागात ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या नाजूक केसपेशी असतात, त्यांत हे औषध साचतं. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तोलाचं काम मग डोळे आणि पाय सांभाळतात. अंधार झाला की डोळ्यांचा आधार जातो आणि जमीन हलायला लागते. आक्काने एका वाक्यात सांगितलं होतं ते हेच.

म्हणून मघाचं वाक्य. त्या जिवाणूने हे रसायन आक्कासाठी बनवलंच नव्हतं. आक्काला वाचवायला नाही आणि तिचा कान घ्यायलाही नाही. ते त्याने स्वतःच्या पोरांसाठी, स्वतःच्या वेळेला बनवलं होतं.

ही 'वेळ' त्याला कळते कशी, हा प्रश्न काही लोकांनी जन्मभर धरून ठेवला. डेव्हिड हॉपवूड यांनी १९५४ मध्ये केंब्रिजमध्ये स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरवर काम सुरू केलं, आणि १९६८ पासून ते नॉर्विचच्या जॉन इन्स संस्थेत होते. त्यांच्या लॅबची पद्धत साधी. ज्यांचं 'वाढणं' बिघडलंय असे वाण शोधायचे आणि कुठला जनुक बिघडला ते बघायचं. काही वाणांना हवेतले धागे फुटतच नाहीत, वसाहत गुळगुळीत दिसते. त्यांना नाव दिलं 'बाल्ड', म्हणजे टकले. काहींना धागे येतात, पण बीजाणूंचा राखाडी रंग येत नाही. ते 'व्हाइट', पांढरे. टकल्यांपैकी बरेच प्रतिजैविकही बनवत नाहीत, म्हणजे वाढणं आणि औषध बनवणं यांची सूत्रं कुठेतरी एकाच हातात आहेत.

या टकल्यांतला एक वाण तर कमाल निघाला. १९८७ मध्ये कीथ चेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की त्याचा बिघडलेला जनुक जनुकीय भाषेतलं एकच दुर्मीळ अक्षर वाचणारा वाचक तयार करतो. आमच्याकडच्या लोकांना हे चटकन कळेल. निजामाच्या काळातले जमिनीचे कागद उर्दूत. पुढे पोरं मराठी शाळेत शिकली आणि गावात ते कागद वाचू शकणारा एखादाच म्हातारा उरला. रोजचे व्यवहार त्याच्यावाचून चालायचे, पण वाटणी निघाली, फेरफार निघाला की सगळं गाव त्याच्या ओसरीवर. स्ट्रेप्टोमायसिसचंही तसंच. रोजच्या जगण्याच्या जनुकांत ते अक्षर जवळपास नाहीच. ते आहे जेमतेम दोन टक्के जनुकांत, आणि मोठं होण्याची आणि प्रतिजैविकं बनवण्याची हुकूमनामेवाली जनुकं त्यांत आहेत. वाचणारा म्हातारा नसला तर जिवाणू मरत नाही. तो फक्त मोठा होत नाही.

आक्काच्या औषधाच्या जिवाणूचं, ग्रिसियसचं, गणित वेगळं. त्यात दवंडी असते. १९६७ मध्ये मॉस्कोच्या खोखलोव्ह यांच्या गटाला ए-फॅक्टर नावाचा एक छोटा रेणू सापडला. धागेही न येणाऱ्या आणि स्ट्रेप्टोमायसिनही न करणाऱ्या बिघडलेल्या वाणाला तो चिमूटभर दिला की दोन्ही कामं पुन्हा सुरू! पुढे टोकियो विद्यापीठात बेप्पू आणि होरिनोउची यांच्या लॅबने, विद्यार्थ्यांच्या एकामागून एक पिढ्या खर्ची घालून, त्या दवंडीचा पूर्ण मार्ग काढला. एक प्रथिन कुलपासारखं एका जनुकावर बसलेलं असतं. जिवाणूंची दाटी झाली, ए-फॅक्टर पुरेसा साचला, की तो त्या कुलपाला लागतो आणि कुलूप सुटतं. मग तो जनुक जागा होतो, तो दुसऱ्यांना जागं करतो. त्यातले काही हवेतले धागे उभे करायला लागतात, काही स्ट्रेप्टोमायसिन बनवायला. आणि त्याच दमात आणखी एक जनुक चालू होतो, जो त्या विषापासून स्वतःलाच वाचवतो. मारायचं आणि सांभाळायचं, दोन्ही एकाच दवंडीवर.

हे सगळं परदेशातच झालं असं नाही. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिथल्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार यांनी पिंपरीच्याच मातीतून स्ट्रेप्टोमायसिसचा एक वाण शोधला, त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. त्यापासून १९६१ मध्ये बुरशीवरचं हॅमायसिन हे औषध मिळालं. नावातली पहिली अक्षरं कंपनीच्या नावाची. जागतिक शास्त्रात पिंपरी हे गाव एका जिवाणूच्या नावाने नोंदलं गेलंय, हे तिथून रोज लोकलने जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल?

आणि पुण्याचं गरवारे कॉलेज. २००१ मध्ये तिथले मायक्रोबायॉलॉजीचे प्राध्यापक मिलिंद वाटवे आणि तीन सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला, जो आजही जगभर उद्धृत होतो. प्रश्न सरळ होता, स्ट्रेप्टोमायसिस एकूण किती प्रतिजैविकं बनवत असेल? दर वर्षी किती नवी सापडली याचा आलेख बघितला तर १९७० च्या दशकात कळस, आणि ८० च्या अखेरीपासून उतरण. जगभर सगळे म्हणत होते, विहीर आटली. यांनी गणित मांडलं आणि दाखवलं, की एकूण आकडा एक लाखाच्या घरातला असावा आणि आपण त्यातला अगदी किरकोळ भाग उपसलाय. विहीर आटलेली नाही, आपण पोहरे टाकणं कमी केलंय. यासाठी लागलं ते छापील माहितीचे आकडे, डोकं आणि चिकाटी. एका डिग्री कॉलेजमध्ये!

लगेच पुढच्या वर्षी, २००२ मध्ये, सीलिकलरचा पूर्ण जनुकसंच छापून आला. ७,८२५ जनुकं. तोवर या वाणाची प्रतिजैविकं माहीत होती बोटावर मोजण्याइतकी, पण अशी रसायनं बनवण्याची सामग्री असलेले जनुकांचे गट निघाले वीसहून अधिक. बाकीचे गट लॅबच्या बशीत गप्प झोपलेले. म्हणजे औषधं आहेत, पण बंद कागदात. कुठली दवंडी पिटली, कुठला म्हातारा ओसरीवर बसवला की ती जागी होतील, हा आता नुसत्या कुतूहलाचा प्रश्न राहिलेला नाही. क्षयाचे जंतू एकामागून एक औषधांना दाद देईनासे होतायत, आणि भारतात जगातले सर्वात जास्त क्षयरुग्ण आहेत. आज बहुतेकांचा उपचार गोळ्यांवर होतो, आक्कासारखी इंजेक्शनं सहसा लागत नाहीत. पण पुढची गोळी कुठून तरी यावी लागेल, आणि ती कुणाचा कान न घेणारी असली तर बरं.

वासाचं कोडंही अलीकडेच सुटलं. २०२० मध्ये स्वीडन आणि इंग्लंडच्या गटांनी दाखवलं, की जिओस्मिन बनवणारा जनुक बीजाणू तयार करणाऱ्या त्याच मुकादमांच्या हुकमाखाली चालतो. त्या वासाने मातीतले उड्या मारणारे बारीक किडे ओढले जातात, जिवाणू खातात, आणि बीजाणू अंगावर घेऊन दुसरीकडे नेतात. मृद्गंध हासुद्धा आपल्यासाठी नाहीच. पोरांना परगावी पाठवायचं गाडीभाडं आहे ते.

आमच्या नांदेडला १७ सप्टेंबर १९९४ ला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ झालं. आज मुखेडची मुलं एसटीने जाऊन तिथे जीवशास्त्रात एमएस्सी करू शकतात, जे माझ्या वडिलांच्या पिढीला औरंगाबाद गाठल्याशिवाय शक्य नव्हतं. सुट्टीत गावी गेले की ती भेटतात. विचारलं की म्हणतात, "मॅडम, रिसर्च आपलं काम नाही, स्पर्धा परीक्षा करायलो." त्यांच्या घरची गरज मला कळते, त्यांना नावं ठेवणार नाही. पण शात्झ तळघरात होता तेव्हा त्यांच्याच वयाचा होता, आणि त्याच्या हातात होती ती शेणखताच्या शेतातली माती. त्या मातीची आमच्याकडे कधीच टंचाई नव्हती.

उर्दू वाचणारे म्हातारे आमच्या गावातून एकेक करून गेले. कागद ट्रंकेत पडून राहिले आणि कितीतरी घरांचे वाद तसेच राहिले. जमीन मात्र होती तिथेच होती.

असो. फार लांबलं. दोन्ही काकांना प्रिंट काढून पोस्टाने पाठवतेय. दिवाळीला विषय निघालाच तर निदान रायबोसोमवरून तरी भांडा.